शाळा-दुरुस्तीची सरकारी सेवा: पाचपैकी दीड गुण

शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य म्हणून गेली दोन वर्षे मी गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या दुरुस्तीचा पाठपुरावा करीत आहे आणि त्या अनुभवावरून या सेवेला दीड गुण देतो. तो दीड गुणही शाखा अभियंत्यांचा आहे; अर्ज मिळताच ते आले आणि कुजलेले वासे व भिंतीतील भेग पाहून त्यांनी आठवड्यात अंदाजपत्रक दिले. पुढे तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि निधीची उपलब्धता या तीन टेबलांवर तो कागद असा मुरला, की लोणच्यालाही हेवा वाटावा.

समग्र शिक्षा योजनेतील वार्षिक अनुदान पटसंख्येवर ठरते: ३० पर्यंत विद्यार्थी असल्यास १० हजार, तर ३१ ते १०० विद्यार्थ्यांसाठी २५ हजार रुपये. शैक्षणिक साहित्य, वीजबिल, स्वच्छता आणि किरकोळ डागडुजी हे सारे त्यातच भागवायचे असल्याने आमच्या २७ मुलांच्या शाळेला छपराचा विचारही परवडत नाही. पट कमी म्हणून पैसा कमी. पाऊस मात्र पट पाहून पडत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आणि सर्व ऋतूंत टिकणारी इमारत मागतो. येथे धोकादायक ठरलेल्या खोलीला कुलूप लागले आणि दोन इयत्ता व्हरांड्यात आल्या. गेल्या महिन्यात पुन्हा विचारणा केली, तेव्हा दर जुने झाल्याने अंदाजपत्रक नव्याने करावे लागेल, असे उत्तर मिळाले.