नौपाड्यातल्या फराळाच्या साइटवर ऑपकॅश

ठाण्याच्या नौपाड्यात एक काकू घरगुती फराळ करून विकतात. त्यांच्या ऑर्डरींची साइट पीएचपी भाषेतल्या लॅरावेल या फ्रेमवर्कमध्ये आहे, ती तीन वर्षं मीच सांभाळतोय. गेल्या दिवाळीआधी ती रखडायला लागली. घोडबंदरहून ऑर्डर देणाऱ्या माणसाला चकलीचं पान उघडायला अडीच-तीन सेकंद लागायचे. काकू म्हणाल्या, "गिऱ्हाईक थांबत नाही रे, दुसरीकडे जातं."

मोठा सर्व्हर घ्यायच्या आधी म्हटलं, ऑपकॅश, म्हणजे पीएचपीचा तयार केलेला कोड साठवून ठेवणारी सोय, चालू आहे का बघावं. ऑपकॅश_गेट_स्टेटस विचारलं तर उत्तर आलं फॉल्स. होस्टिंगवाल्यांनी ते बंदच ठेवलं होतं! पीएचपी ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून, हे सोबतच येतं, त्याला वेगळा पैसा पडत नाही. याचा राग मला अजून आहे.

ऑपकॅश नसेल तर पीएचपी दर रिक्वेस्टला प्रत्येक फाइल वाचते, तिचा ऑपकोड (पीएचपीला थेट चालवता येईल असं रूप) बनवते, चालवते आणि टाकून देते. एका पानामागे लॅरावेलच्या शेकडो फाइली. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी भाजणी नव्याने दळून आणायची. ऑपकॅश दळलेली भाजणी डब्यात भरून ठेवतं. डबा म्हणजे शेअर्ड मेमरी. एफपीएम, म्हणजे साइटसाठी पीएचपी चालवणारा प्रोग्राम, त्याच्या सगळ्या प्रोसेस त्यातूनच घेतात.

शेवटी त्या होस्टिंगऐवजी आम्ही मुंबई रीजनमधलं, २ जीबी मेमरीचं मशीन घेतलं. तिथे मुद्दाम दोन्ही करून पाहिलं: ऑपकॅश बंद असताना तेच पान साधारण सव्वा सेकंदात यायचं, चालू केल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत. १२८ एमबीची डिफॉल्ट मेमरी आम्हाला पुरली. जेआयटीही (चालता चालता कोडचं मशीन कोड करणारी सोय) लावून पाहिलं, आमच्या साइटला त्याचा काही उपयोग झाला नाही.

एका गोष्टीला मात्र जपायला हवं. आणखी वेग मिळेल म्हणून मी ऑपकॅशचं व्हॅलिडेट_टाइमस्टॅम्प्स हे सेटिंग शून्य केलं. मग फाइल बदलली की नाही हे ऑपकॅश तपासतच नाही. आणि आमचे फराळाचे दर कॉन्फिगच्या (सेटिंगच्या) पीएचपी फाइलमध्ये आहेत. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी चकलीचा दर वाढवला आणि रात्री काकूंचा फोन: "अरे, चकली अजून जुन्याच भावाने जातेय, अकरा ऑर्डरी आल्या." टर्मिनलवरून ऑपकॅश_रीसेट (डबा रिकामा करणारं फंक्शन) चालवलं, फरक शून्य, कारण कमांड लाइनची मेमरी वेगळी आणि एफपीएमची वेगळी. एफपीएम रीलोड केल्यावर नवा दर दिसला. त्या अकरा जणांना काकूंनी जुन्याच भावाने चकली दिली. आता रीलोडची ओळ डिप्लॉयच्या, म्हणजे बदल सर्व्हरवर चढवायच्या, स्क्रिप्टमध्येच आहे. ज्यांना ती शिस्त जमणार नाही त्यांनी डिफॉल्टच ठेवावं. त्यात दर दोन सेकंदांनी तपासणी होते आणि छोट्या साइटला ती जाणवतही नाही.

काकूंचा महिन्याचा हिशेब मात्र यानंतरही तसाच रेंगाळत होता. ते दुखणं डेटाबेसचं. ऑर्डरींच्या तारखेवर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) घातल्यावरच तो सुटला.