एल्फिन्स्टन पूल बंद झाल्यानंतरची वळवलेली बस : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मुंबईत प्रभादेवी आणि परळ यांना जोडणारा एल्फिन्स्टनचा जुना रस्ता पूल १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री वाहतुकीसाठी बंद करण्यात आला, आणि तेव्हापासून या पुलावरून जाणाऱ्या बसगाड्या वळसा घेऊन धावू लागल्या. शिवडी-वरळी उन्नत मार्ग याच जागेवरून जाणार असून तेथे दुमजली पूल उभा राहायचा आहे. खालच्या मजल्यावरून परिसरातील वाहतूक होईल आणि वरच्या मजल्यावरून वरळीची वाहने थेट अटल सेतूच्या दिशेने निघतील. कामाच्या गरजेविषयी माझी काहीही तक्रार नाही. ब्रिटिशांच्या काळातला, शंभरी ओलांडलेला पूल केव्हातरी उतरवावा लागणारच होता. प्रभादेवीला राहून परळला नोकरी करणारी आणि सासूबाईंना नियमितपणे परळच्या एका रुग्णालयात तपासणीसाठी नेणारी प्रवासी म्हणून ही पर्यायी बसव्यवस्था वापरताना काय दिसले, ते येथे नोंदवत आहे.

ज्यांना हा भाग परिचित नाही त्यांच्यासाठी आधी भूगोल सांगणे आवश्यक आहे. प्रभादेवी हे पश्चिम रेल्वेचे आणि परळ हे मध्य रेल्वेचे स्थानक एकमेकांना अगदी लागून आहे, त्यामुळे एल्फिन्स्टनच्या एकाच पुलाने दोन्ही रेल्वेमार्ग ओलांडता येत असत. उत्तरेला दादरचा टिळक पूल हेच काम करतो. दक्षिणेला मात्र दोन्ही मार्ग एकमेकांपासून दूर जातात, आणि तिकडून पूर्वेकडून पश्चिमेला जायचे झाल्यास मध्य रेल्वेवरचा करी रोडचा पूल आणि पश्चिम रेल्वेवरचा लोअर परळचा डिलाईल पूल असे दोन पूल पार करावे लागतात. डिलाईल पूल २०१८ च्या जुलैमध्ये बंद झाला होता आणि नवा पूल पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. तो पूल तेव्हा तयार झाला नसता, तर आज दक्षिणेकडचा पर्याय जवळजवळ निरुपयोगी ठरला असता, हे या परिसरातील प्रत्येक प्रवाशाने ध्यानात घ्यायला हवे.

आता बसच्या मार्गाविषयी. प्रभादेवीहून परळ टीटीला (जुन्या ट्राम टर्मिनसच्या चौकात) जाणारी बस पूर्वी पुलावर चढून थोड्याच वेळात पलीकडे उतरत असे. आता तीच बस दादरपर्यंत वर जाते, कोतवाल उद्यानापाशी टिळक पुलावर चढते, खोदादाद सर्कलला उतरते आणि डॉ. आंबेडकर मार्गाने हिंदमातावरून परळला खाली येते. सुमारे चार किलोमीटरचा हा फेरा रविवारी सकाळी फार जाणवत नाही, परंतु कामाच्या दिवशी दादरच्या बाजारपेठेजवळ बस अडकली की केवळ टिळक पूल ओलांडण्यातच इतका वेळ जातो, की तेवढ्यात पादचारी पुलावरून चालत परळला पोहोचून माणूस आपल्या कामाला लागलेला असतो. पूल बंद झाला तो काळही अवघड होता. पाऊस पुरता सरलेला नव्हता, लगोलग नवरात्र आणि दिवाळीची खरेदी सुरू झाली, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महापरिनिर्वाण दिनानिमित्त चैत्यभूमीकडे येणाऱ्या अनुयायांसाठी दादर-शिवाजी पार्क भागातील वाहतूक नेहमीप्रमाणे वळवावी लागली. त्या दिवसांत वळवलेली बस पुन्हा वळवली जात होती, आणि ती कोणत्या थांब्यावर येईल याची खात्री कोणालाच देता येत नव्हती. बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी दूरवरून येणाऱ्यांची वाट मोकळी ठेवणे हे शहराचे कर्तव्यच आहे. दरवर्षी ठरलेल्या तारखेला येणाऱ्या या दिवसाचा विचार वळणाच्या आराखड्यात आधीपासून असायला हवा होता, एवढेच माझे म्हणणे आहे.

या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची आणि बाहेरून पाहणाऱ्याला सहसा न कळणारी बाब म्हणजे करी रोडच्या पुलाची वेळेनुसार बदलणारी दिशा. पूल बंद करताना जाहीर झालेल्या नियमानुसार या पुलावरून जाणाऱ्या महादेव पालव मार्गावर सकाळी ७ ते दुपारी ३ या वेळेत भारतमाता चौकाकडून शिंगटे मास्तर चौकाकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, एकदिशा वाहतूक असते. दुपारी ३ नंतर ही दिशा उलटते, आणि रात्री उशिरापासून सकाळी ७ पर्यंत दोन्ही बाजूंनी वाहने जाऊ शकतात. सकाळी परळ-लालबागकडून लोअर परळ आणि वरळीच्या कार्यालयांकडे जाणारा लोंढा मोठा असतो आणि संध्याकाळी तो परततो, हे लक्षात घेतले तर या नियमामागचे तर्कशास्त्र पटण्यासारखे आहे. परंतु परळ हा केवळ कार्यालयीन गर्दीच्या वाटेवरचा भाग नाही. केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालये याच बाजूला आहेत, आणि बाह्यरुग्ण विभाग प्रामुख्याने सकाळीच चालतो. वरळी, प्रभादेवी, लोअर परळ येथून रुग्णाला घेऊन सकाळी निघालेल्या माणसाला नेमका त्याच वेळी जवळचा पूल उलट्या दिशेने मिळतो, आणि तपासणी आटोपून घरी परतण्याच्या वेळी, दुपारी तीननंतर, तो पूल रुग्णालयाच्या दिशेने खुला होतो. म्हणजे रुग्णाला जातानाही वळसा पडतो आणि दुपार टळल्यावर येतानाही पडतो. सासूबाईंना घेऊन जाताना हे माझ्या लक्षात आले, आणि त्यानंतर मी तपासणीची वेळ शक्य तितकी लवकरची मागून घेऊ लागले, जेणेकरून तीनच्या आत करी रोडच्या पुलावरून परत येता यावे. ही सोय ज्यांना वेळ निवडता येते त्यांच्यापुरतीच आहे. सरकारी रुग्णालयात पहाटेपासून रांगेत उभे राहणाऱ्याला वेळ निवडण्याची मुभा नसते.

त्या मानाने सकाळी परळहून प्रभादेवीला येणारी बस बरी चालते. भारतमातावरून करी रोडचा पूल, शिंगटे मास्तर चौक, ना. म. जोशी मार्ग, डिलाईल पूल आणि तेथून सेनापती बापट मार्ग असा तिचा प्रवास होतो. अंतर अधिक असले तरी एकदिशा वाहतुकीमुळे पुलावर कोंडी तुलनेने कमी असते.

जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगळा असणे ही गोष्ट नकाशावर किरकोळ वाटते, पण बसच्या प्रवाशाच्या दृष्टीने ती मूलभूत आहे. मोटारीतील माणसाचा फक्त मार्ग बदलतो. बसच्या प्रवाशाचा मात्र थांबाच बदलतो, आणि थांबा बदलला की त्याला पुन्हा रस्ता ओलांडावा लागतो, उन्हात उभे राहावे लागते, कोणालातरी विचारावे लागते. पहिल्या काही आठवड्यांत वगळलेल्या थांब्यांवर तसे सांगणारा फलक नसायचा आणि लोक तेथे बराच वेळ बसची वाट पाहत उभे असायचे. मोबाईलवर बसची जागा दाखवणाऱ्या ॲपमध्येही बस जुन्याच मार्गावर असल्याचे काही काळ दिसत होते. हे पुढे बरेच सुधारले. त्या काळात प्रवाशांना खरा आधार मिळाला तो वाहकांचा. बस सुटण्यापूर्वी दारात उभे राहून, ‘प्रभादेवी स्टेशनला जाणार नाही, दादरवरून फिरून परळ’ असे प्रत्येक चढणाऱ्याला सांगणाऱ्या वाहकांनी जे काम केले, त्याची नोंद कोठेही होणार नाही, म्हणून ती मी येथे आवर्जून करते.

भाड्याचा मुद्दा स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे. ९ मे २०२५ पासून मुंबईत साध्या बसचे किमान भाडे १० रुपये आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये झाले, त्यामुळे पूल बंद होण्याच्या चारच महिने आधी प्रवास दुप्पट महाग झालेला होता. त्यात जे प्रवासी पुलाच्या अलीकडे बसमधून उतरतात, पादचारी पुलावरून रेल्वेमार्ग ओलांडतात आणि पलीकडे दुसरी बस धरतात, त्यांना दोन तिकिटे काढावी लागतात. ७५ रुपयांचा दैनिक पास अशा छोट्या प्रवासासाठी परवडत नाही, आणि १,८०० रुपयांचा मासिक पास घेणे घरकाम करणाऱ्या किंवा फुलबाजारात मजुरी करणाऱ्या बाईला शक्य नसते. पूल प्रवाशाने तोडलेला नाही. प्रभादेवी बाजूला काढलेले तिकीट परळ बाजूला तासाभरात चालावे, अशी साधी सवलत या बंदच्या काळापुरती दिली असती, तर हजारो माणसांचा भार हलका झाला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण खरे सांगायचे तर, चालू शकणाऱ्या प्रवाशासाठी हीच पद्धत सर्वांत उत्तम आहे. संपूर्ण फेरा मारणाऱ्या बसमध्ये बसून राहण्यापेक्षा स्थानकाजवळ उतरावे, पादचारी पुलावरून पलीकडे जावे आणि परळहून पुढची बस पकडावी. मी स्वतः कामावर जाताना आता असेच करते, आणि वेळेचा अंदाज पुन्हा बांधता येऊ लागला आहे. मात्र याच ठिकाणी २९ सप्टेंबर २०१७ रोजी पावसात जिन्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले, हे विसरून चालणार नाही. त्यानंतर लष्कराने बांधलेला पादचारी पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला आणि गर्दी विभागली गेली. तरीही रस्ता पूल बंद झाल्यामुळे बसची गर्दी या जिन्यांवर येत आहे, आणि पावसाळ्यात व संध्याकाळच्या वेळी तेथे माणसे उभी करून चढ-उतार वेगळी ठेवण्याची गरज आहे.

ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी थेट बस हवीच. बंदच्या काळात स्थानकाच्या दोन्ही बाजूंना रुग्णवाहिका आणि चाकांची खुर्ची ठेवण्याची व्यवस्था जाहीर झाली होती, आणि तो निर्णय निश्चितच योग्य होता. परंतु रुग्णवाहिका ही तातडीच्या प्रसंगासाठी असते. गुडघे दुखणाऱ्या, डोळ्यांना कमी दिसणाऱ्या, केमोथेरपी घेऊन थकलेल्या माणसाला रुग्णवाहिका नको असते, त्याला बसायला जागा असलेली आणि ठरलेल्या वेळी येणारी बस हवी असते. वरळी-प्रभादेवीकडून टिळक पुलामार्गे थेट रुग्णालयांच्या दारापर्यंत जाणारी छोटी बस, सकाळी सात ते अकरा या वेळेत दर पंधरा-वीस मिनिटांनी सोडली, तर या संपूर्ण आराखड्यातील सर्वांत मोठी उणीव भरून निघेल. तोवर या रुग्णांकडे टॅक्सी हाच पर्याय उरतो, आणि फेरा वाढल्यामुळे तिचे भाडेही वाढले आहे.

दादरला टिळक पुलाचे काम करताना जुन्या पुलाशेजारी आधी नवा पूल उभारण्याची पद्धत स्वीकारली आहे. एल्फिन्स्टनला जागेच्या अडचणीमुळे तसे करणे सोपे नव्हते, हे मान्य केले तरी, टिळक पुलावर आज दोन पुलांचा भार आहे, याचा विचार त्या कामाचे टप्पे ठरवताना व्हावा, अशी अपेक्षा आहे.

नव्याने हा प्रवास सुरू करणाऱ्यांना माझ्या अनुभवावरून एवढेच सांगते : प्रभादेवीहून सकाळी परळला जायचे असेल आणि जिना चढता येत असेल, तर पायी पलीकडे जाऊन पुढची बस घ्यावी. सोबत रुग्ण असेल तर टिळक पुलावरून जाणारी बस सुरुवातीच्या थांब्यावरच पकडावी, कारण दादरनंतर बसायला जागा मिळत नाही. परतीचा प्रवास दुपारी तीनच्या आत करता आला तर करी रोडमार्गे येणारी बस निवडावी. तीननंतर मात्र परळ टीटीवर थांबण्याऐवजी स्थानकातून प्रभादेवीला उतरणे किंवा दादरमार्गे येणे, हे दोनच मार्ग हाती राहतात, आणि त्यांपैकी कोणता घ्यायचा हे त्या दिवशी दादरला किती गर्दी आहे, ते वाहकाला विचारूनच ठरवावे.