हॉस्पिटलचं टर्नकी (सुरुवातीपासून चावी हातात देईपर्यंत सगळं एकाकडेच) काम, घोडबंदर रोड : काम चांगलं, पण ५ महिने सांगून ११ महिने लावले (३ स्टार)

मी स्वतः डॉक्टर नाही, मिस्टर ऑर्थो म्हणजे हाडांचे डॉक्टर आहेत. घोडबंदर रोडला आमचं १२ बेडचं छोटं हॉस्पिटल यंदा सुरू झालं, साईटवरची सगळी धावपळ मी केली म्हणून रिव्ह्यू पण मीच लिहितेय. कॉन्ट्रॅक्टर ठाण्यातलेच, नाव टाकत नाहीये कारण त्यांच्या माणसांनी मनापासून राबून काम केलंय, पण उशीर कशामुळे झाला हे पुढच्याला कळायलाच हवं.

बोली झाली होती ५ महिन्यांची. लागले ११. तेवढे महिने जागेचं भाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही चालू, आणि आधीपासून ठरवून ठेवलेल्या आमच्या दोन सिस्टर वाट बघून बघून शेवटी दुसरीकडे जॉइन झाल्या, ते मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

कोणालाही विचारा, लेबरमुळे उशीर होतो असंच सांगतात. होतो ना, होळीला गावी गेलेले सुतार २० दिवसांनी उगवले, पावसात पुट्टी वाळेना, घोडबंदरला अवजड गाड्यांना ठराविक वेळेतच सोडतात म्हणून मटेरियल रात्री उतरवायचं तर सोसायटीची कटकट. पण हे सगळं धरून माझ्या हिशोबाने सव्वा महिना. बाकीचे पावणेपाच महिने गेले ते फक्त कशाआधी काय करायचं हे चुकलं म्हणून.

ओटीचंच, म्हणजे ऑपरेशन थिएटरचंच बघा. एनएबीएचच्या (हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) गाइडलाइनप्रमाणे ओटीत तासाला कमीत कमी २० वेळा हवा बदलावी लागते, त्यात ४ वेळा बाहेरची ताजी, आणि ती हेपा फिल्टरमधून (अगदी बारीक कणही अडवणारा फिल्टर) यायला हवी, म्हणजे डक्ट, हवा नेणारा पत्र्याचा बोगदा, चांगलाच मोठा येतो. आमच्या लोकांनी सिलिंगची फ्रेम आधी ठोकली आणि एसीवाला नंतर बोलावला, तो आला, टेप लावला आणि म्हणाला मॅडम बीमखालून डक्ट जाणारच नाही. फ्रेम उतरवली, परत मारली, त्यात तीन आठवडे गेले. एक्सरे रूमचं पण तेच. तिथे साधारण ९ इंच विटेची भिंत लागते नाहीतर तेवढं रेडिएशन अडवेल इतकं शिसं, आणि एईआरबीची (रेडिएशनच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारं केंद्र सरकारचं मंडळ) नोंदणी त्यांच्या ई-लोरा पोर्टलवरून करायची असते. यांनी घरासारखी ४ इंचाची भिंत उभी केली, मग वरून शिशाचे पत्रे आणि शिशाचा दरवाजा ऑर्डर करून आणावा लागला, तो खर्च वेगळाच.

ऑक्सिजन लाईनचं जरा सविस्तर सांगते. तांब्याचे पाइप असतात, आतून तेलाचा अंश नसलेले, जॉइंट मारताना आतून नायट्रोजन सोडतात म्हणजे आत काजळी धरत नाही, आणि सगळं झालं की लाईन प्रेशरवर २४ तास ठेवून बघतात. ही टेस्ट सिलिंग बंद करायच्या आधी करायची. यांनी जिप्सम लावून पेंटचा एक हात मारून झाल्यावर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेशरचा काटा उतरलेला, म्हणजे लाईन कुठेतरी लीक. मिस्त्रीने साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन एकेक जॉइंट तपासला, दुपारी ४ नंबर बेडच्या वरच्या एल्बोवर (पाइप वळतो तिथला जॉइंट) बारीक बुडबुडे दिसले, तिथे पोचेपर्यंत सिलिंगचे सहा बोर्ड कापून झाले होते. पण त्या माणसाने जॉइंट नवा मारल्यावर कोणी न सांगता परत २४ तास लाईन प्रेशरवर ठेवली, मी घाईने सही करायला निघाले तर नको म्हणाला, उद्या सकाळी काटा बघूनच करा. माझे तीन स्टार त्याच्यामुळेच आहेत.

कागदपत्रं आम्ही करून देतो असं बोलले होते, तिथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन १९४९ च्या कायद्याखाली महापालिकेच्या आरोग्य विभागात, त्याला फायर ब्रिगेडची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बायोमेडिकल वेस्टचं, म्हणजे हॉस्पिटलच्या कचऱ्याचं, परवानगीपत्र हवं, म्हणजे एक कागद दुसऱ्यावर अडलेला. फायरची फाईल यांनी रंगकाम झाल्यावर उचलली, मग स्प्रिंकलर आणि बाहेर पडायच्या रस्त्यात बदल आले आणि एक पार्टिशन तोडावं लागलं. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ ला हॉस्पिटलला लागलेल्या आगीत १० नवजात बाळं गेली, त्यामुळे ते पार्टिशन तोडायला सांगितलं ह्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही, वाईट वाटलं ते आधी ड्रॉइंगवर दाखवून घेतलं नाही ह्याचं. आणि कोणी सोनोग्राफी ठेवणार असेल तर पीसीपीएनडीटीचं (गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा) रजिस्ट्रेशन हातात असल्याशिवाय कंपनी मशीन देऊच शकत नाही, तो अर्ज पहिल्या महिन्यातच टाका.

यांना काम द्यायचं असेल तर जरूर द्या, फिनिशिंग सुंदर आहे, व्हिनाइल फ्लोअरिंगचे कोपरे असे गोल वळवलेत की पोछा कुठे अडत नाही. फक्त अॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या की प्रत्येक मशीनचं ड्रॉइंग आणि फायरचा प्लॅन आल्याशिवाय एकही भिंत उभी राहणार नाही, आणि गॅस लाईनचा टेस्ट रिपोर्ट बघूनच सिलिंग बंद होईल. आम्ही शेवटचे ५ टक्के पेमेंट हँडओव्हरनंतरचं ठेवलं होतं, ते अजून दिलेलं नाही. ९ नंबर बेडचं सक्शन आउटलेट (पेशंटचा कफ वगैरे ओढून घ्यायच्या लाईनचं भिंतीवरचं तोंड) बदलून झालं की त्याच दिवशी देणार आहोत.