थीसिस लिहिणाऱ्यांनी झोटेरो घ्याच

एमए-पीएचडीवाल्यांनो, लिहायला बसायच्या आधी झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून घ्या, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, 2006 पासून चालू आहे. वर्डमध्ये सायटेशन (मजकुरातला संदर्भ) टाकत गेलं की संदर्भसूची आपोआप बनते, गाईड म्हणाले संदर्भांची पद्धत एपीए नको एमएलए कर तरी दोन क्लिकचं काम. पण मला सगळ्यात आवडतो तो 2022 ला आलेला पीडीएफ रीडर, वाचता वाचता हायलाइट करायचं, बाजूला आपल्या शब्दांत दोन ओळी लिहायच्या आणि मग सगळ्याच्या नोट्स पान नंबरसकट निघतात, रोज एवढं केलं तरी लिटरेचर रिव्ह्यूचा कच्चा माल साठत जातो!! मराठी पुस्तकांची माहिती मात्र बऱ्याचदा हाताने भरावी लागते, कंटाळा नका करू. फ्री ऑनलाइन स्टोरेज फक्त 300 एमबी, पीडीएफ जास्त असतील तर फाइल सिंक बंद ठेवा आणि बॅकअप वेगळा घ्या.