ईएफआयबूटएमजीआर: ड्युअल बूटच्या लॅबमध्ये काही महिने वापरल्यानंतर

विश्रामबागेतल्या कॉलेजच्या लॅबमध्ये प्रत्येक मशीनवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. टायपिंगच्या परीक्षेला सगळी मशीन विंडोजमध्ये उघडायला हवीत, प्रॅक्टिकलला उबुंटूमध्ये. दर वेळी एकेका मशीनपुढे बसून सेटअपमध्ये शिरणं परवडत नाही, म्हणून बूटचा क्रम, म्हणजे सुरू होताना आधी काय उघडायचं ते, टर्मिनलवरून बदलायला ईएफआयबूटएमजीआर हे लिनक्सचं टूल घेतलं. मत थोडक्यात असं: टूल भरवशाचं आहे, पण बूटच्या नोंदींचे आकडे जसेच्या तसे लिहून ठेवलेली स्क्रिप्ट अजिबात भरवशाची नाही.

मशीन यूईएफआय मोडमध्ये (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या पद्धतीने) सुरू झालेलं असेल तरच हे चालतं. लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या मोडमध्ये ईएफआय व्हेरिएबल नाहीत एवढाच निरोप मिळतो. स्क्रिप्टने सगळ्यात आधी हे तपासावं.

नुसती कमांड दिली की बूटऑर्डर: ०००१,०००३,०००४ अशी ओळ येते आणि खाली एकेक नोंद: बूट०००१* विंडोज बूट मॅनेजर, बूट०००३* उबुंटू, बूट०००४* नेटवर्क. तारा म्हणजे नोंद चालू. हे आकडे मदरबोर्डवरच्या मेमरीत असतात आणि शेजारच्याच मशीनवर उबुंटू ०००० असू शकतं. शिवाय ते सोळाच्या पायातले आहेत, ०००९ नंतर ०००ए येतो. फक्त अंक शोधणारा पॅटर्न तिथे फसतो. म्हणून स्क्रिप्टने लेबलवरून नंबर काढायचा. त्यातही एक गोम आहे. सविस्तर यादीत फाइलचा पाथही छापला जातो आणि त्या पाथमध्ये उबुंटू हा शब्द असतोच. लेबल वेगळं असलेली ओळही मग पकडली जाते. ताऱ्यानंतर लगेच येणारं लेबलच जुळवा. दोन नंबर सापडले, तर स्क्रिप्टने काहीही न बदलता थांबावं. उबुंटू पुन्हा टाकल्यावर जुनी नोंद मागे राहू शकते, त्यातून हे होतं. कोणती नोंद खरी, ते पाथमधला पार्टिशनचा जीयूआयडी (ओळख क्रमांक) ब्लॉकआयडी या कमांडने दाखवलेल्या पार्टयूयूआयडीशी ताडून कळतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक ‘-ओ’ या पर्यायाची. ‘-ओ ०००३’ दिलं की ०००३ नुसता वर जात नाही, पूर्ण क्रमच तेवढा एक उरतो. बाकीच्या नोंदी यादीत दिसतात, पण क्रमात नसतात. उबुंटूची डिस्क बिघडली, तर पुढे काय उघडायचं हे मशीनला क्रमातून कळत नाही. आधी चालू क्रम वाचा, त्यातून हवा तो नंबर काढा, तो पुढे लावून उरलेला क्रम मागे जोडा आणि मग लिहा. लिहून झाल्यावर कमांड पुन्हा चालवून क्रम वाचून बघा.

एका वेळेपुरतं बदलायचं असेल तर ‘-एन’ उत्तम. तो बूटनेक्स्ट लावतो, कायमच्या क्रमाला हात लावत नाही. फर्मवेअर (मदरबोर्डवरचा प्रोग्राम) मात्र ही नोंद सिस्टिमकडे ताबा देण्याआधीच पुसून टाकतं. पावसाळ्यात इथे लाइट जाते-येते. मशीन सुरू होताना ती गेली, तर पुढच्या वेळी जुनाच क्रम लागतो. त्यामुळे प्रॅक्टिकलला ‘-एन’ चालेल, परीक्षेच्या दिवशी क्रमच बदलावा.

क्लोन केलेली डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की नोंद सोबत येत नाही, कारण ती डिस्कवर नव्हतीच. ‘-सी’ने नवी बनवावी लागते. डिस्क सांगितली नाही तर टूल एसडीए ही डिस्क धरतं, म्हणून डिस्क एनव्हीएमई (नव्या प्रकारची एसएसडी) असेल तर तिचं नाव स्पष्ट द्या. लोडरच्या (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलच्या) पाथमधल्या उलट्या तिरप्या रेघा शेल खाऊन टाकतं, तेव्हा पाथ एकेरी अवतरणात घाला. नवी नोंद आपोआप क्रमात पहिली बसते. तसं नको असेल तर कॅपिटल ‘-सी’ वापरा.

विंडोजमधून हेच काम बीसीडीएडिट ही कमांड करते, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत. एफडब्ल्यूबूटएमजीआर (फर्मवेअरची बूट-यादी) याच्या डिस्प्लेऑर्डरला ॲडफर्स्ट दिलं की नोंद वर जाते, बूटसिक्वेन्स दिलं की तेवढ्या एका वेळेपुरती. पॉवरशेलमध्ये महिरपी कंसात लिहायचं असं नाव अवतरणात नसेल तर कमांड चालत नाही. टीपीएम (सुरक्षेची चिप) १.२ असलेल्या जुन्या मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल, तर क्रम बदलल्यावर रिकव्हरी की मागितली जाते. बदल करण्याआधी मॅनेज-बीडीई या कमांडने एका रीबूटपुरतं संरक्षण थांबवा. टीपीएम २.० वर ही अडचण येत नाही.

काही बोर्ड दिलेला क्रम निमूट स्वीकारतात आणि रीबूटनंतर विंडोज पुन्हा पहिलं करतात. तिथे स्क्रिप्टचा दोष नसतो, फर्मवेअरच ऐकत नाही. बायोस अपडेट करून पाहावं. फरक पडला नाही, तर त्या मशीनना दर बूटला ‘-एन’ लावणारी छोटी सर्व्हिस उबुंटूत ठेवा. अशी मशीन विंडोजमधून बंद केली, तर मात्र पुढच्या वेळचा बूटसिक्वेन्स तिथूनच लावावा लागतो.