उन्हाळी कला कार्यशाळा: रोज नवं माध्यम की एकच?

सुट्टीतल्या दृश्यकला कार्यशाळा साधारण दोन प्रकारच्या. एकीत आज जलरंग, उद्या कोलाज, परवा मातीकाम. दुसरीत पूर्ण वेळ एकच माध्यम, समजा लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून ते कागदावर छापणं.

पहिलीत मुलं कंटाळत नाहीत आणि हात कशात रमतो ते कळतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी मी डोळे झाकून हीच निवडेन. अडचण वेळेची. मातीचं भांडं भाजण्याआधी पूर्ण वाळावं लागतं. आत ओल राहिली तर भट्टीत फुटतं. एका दिवसात ते जमत नाही, मग काम अर्धवटच घरी येतं.

लिनोकटमध्ये चुकायला सवड मिळते. कोरलेलं छापताना उलटं उमटतं, त्यामुळे पहिल्या ठशात स्वतःचं नाव हमखास उलटं येतं! शाई जास्त झाली की बारीक रेषा बुजतात, कमी पडली की काळ्या भागात पांढरे ठिपके राहतात. रोलरच्या चिकट आवाजावरून शाईचा अंदाज यायला लागतो, पण त्याला काही दिवस जावे लागतात. हत्यारं धारदार, म्हणून लहानग्यांना मी पाठवणार नाही. मोठ्यांनाही दुसरा हात पात्याच्या मागे ठेवायची सवय आधी लावायला हवी.

शुल्कात साहित्य धरलंय का, हे दोन्हीकडे विचारा. जलरंगासाठी 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कागद देतात की साधा, तेही बघा. पातळ कागद पाण्याने लगेच फुगतो. शेवटच्या दिवसाच्या प्रदर्शनावर मात्र जाऊ नका, तिथल्या चित्रांवरून पुष्कळदा शिक्षकांचाच हात फिरलेला असतो.