दीडशे रुपयांची बिनपुठ्ठ्याची डिक्शनरी, पैसे वसूल झाले का?

नव्या पेठेतनं येताना जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर एक जाडजूड इंग्लिश डिक्शनरी दिसली, तो दोनशे म्हणत होता, घासाघीस करून दीडशेला घेतली. पुठ्ठा नाही, पहिली आठ-दहा पानं गायब, त्यामुळं कंपनी कुठली, साल कुठलं काय कळायला मार्ग नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या केवायसीला रेशन दुकानात गेलो तेव्हा ती पिशवीतच होती.

तिथं नेहमीचंच, आईचा अंगठा मशीनवर चार वेळा दाबून झाला आणि पोरगा म्हणाला, "लिंक नाय ओ मामा, बसा की जरा." आई पोत्यावर टेकली, मी डिक्शनरी काढली, म्हटलं बघू तरी सकाळपासनं येईना झालेली ही लिंक असते तरी काय.

तर राव, लिंक म्हणजे मुळात साखळीची कडी. शब्द आलाय तिकडं उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतनं, पंधराव्या शतकाच्या आसपास, आणि त्याच्याही मागं गेलं तर अर्थ निघतो वाकवणं, वळवणं. बरोबरच आहे, सळई वाकवल्याशिवाय कडी कशी होणार. आइसलँडमध्ये कडीला अजून ह्लेक्कुर म्हणतात आणि जर्मनमधला त्याचा भाऊबंद म्हणजे गेलेंक, म्हणजे हातापायाचा सांधा. हे वाचून मी आईकडं बघितलं, तिची तर दोन्ही गेलेंक गेलेली.

गोल्फवाले मैदानाला लिंक्स म्हणतात ती काय कडीवरनं आलेली नाही, तो जुन्या इंग्लिशमधला उंचवटा. लंडनमध्ये रात्री पैसे घेऊन लोकांच्या पुढं मशाल धरून चालणारी पोरं असायची, त्यांना लिंकबॉय म्हणायचे, तो लिंक आणि तिसराच, आणि त्याचं मूळ नक्की माहीत नाही असं डिक्शनरी सरळ कबूल करते, हे आपल्याला आवडलं.

पण पैसे वसूल झाले ते एका ओळीत, जमीन मोजणीत एक लिंक म्हणजे ७.९२ इंच. मग मोबाईलवर शोधलं (रेंज होती, लिंक नव्हती), तर १६२० मध्ये एडमंड गंटर नावाच्या इंग्रजानं शंभर कड्यांची ६६ फुटी साखळी काढली मोजणीसाठी. ६६ फूट म्हणजे २२ यार्ड, म्हणजे क्रिकेटची पिच! आणि आपला गुंठा ३३ बाय ३३, म्हणजे बरोब्बर अर्धी साखळी बाय अर्धी साखळी, तीनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. मोहोळच्या शेतात दोन गुंठ्यांवरनं काकांशी आमचं बोलणं बंद आहे, ते भांडण म्हणजे शंभर कड्या लांब आणि पन्नास कड्या रुंद.

आता खोट. अक्षर मुंगीएवढं, एलच्या पानांवर आधीच्या मालकानं शेंगाचटणीचं तेल सांडलंय, वास अजून येतो. वेबसाईटवाली लिंक हिच्यात नाहीच, हायपरटेक्स्ट (दाबलं की दुसरीकडं नेणारा मजकूर) हा शब्दच टेड नेल्सन नावाच्या अमेरिकनानं आणला १९६५ ला, म्हणजे ही बया बरीच जुनी असणार. मेहुणा रेल्वेच्या सोलापूर डिव्हिजनला गाडी चालवतो, त्यांच्यात लिंक म्हणजे ड्युटीचा चार्ट, "लिंक बदलली" म्हणाला की बहिणीचा डबा पहाटे तीनला. तेही नाही. आणि "लिंक नाय" तर कुठल्याच डिक्शनरीत नसेल. सरकारी मराठीत दुवा म्हणतात म्हणे, पण त्या पोरानं "दुवा नाय ओ मामा" म्हटलं असतं तर आईला वाटलं असतं आशीर्वाद मागतोय.

दीड तासानं लिंक आली, आईचा अंगठा लागला.

पाचात साडेतीन. गाड्यावर अजून एक अशीच आहे, तिला पुठ्ठा आहे पण टीच्या पुढं पानं नाहीत. तिचेपण तो दोनशेच सांगतोय.